इंग्रजीतील संयोगचिन्हाचे शब्द : अवयव कसे पाडावेत आणि आघात कोठे द्यावा

इंग्रजी मजकुरात ‘वेल-नोन’, ‘मदर-इन-लॉ’, ‘सेकंड-हँड’, ‘चेक-इन’ असे मध्ये आडवी रेघ घेतलेले शब्द पदोपदी भेटतात. त्यांचा अर्थ बहुधा लगेच कळतो आणि ते लिहितानाही फारसे अडखळायला होत नाही. अडचण येते ती मोठ्याने वाचताना. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आघाताकडे लक्ष देण्याची सवय आपल्या कानाला नसते. मग अशा शब्दाचे दोन्ही घटक आपण सारख्याच जोराने उच्चारतो, किंवा सवयीने पहिल्याच घटकावर भर देतो. ऐकणाऱ्याला शब्द ओळखता येतो, पण वाक्याची लय मोडते.

या रेघेबद्दल, म्हणजे संयोगचिन्हाबद्दल, एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. संयोगचिन्ह अवयवांची सीमा खात्रीने दाखवते. आघाताची जागा मात्र ते मुळीच दाखवत नाही. म्हणून अवयव पाडताना चिन्हावर पूर्ण विश्वास ठेवावा आणि आघात ठरवताना चिन्ह बाजूला ठेवून शब्दाची घडण आणि वाक्यातील त्याचे काम पाहावे. पुढील विवेचन याच क्रमाने केले आहे.

परिभाषा आणि खुणा

इंग्रजीत ज्याला सिलॅबल म्हणतात त्याला येथे ‘अवयव’ म्हटले आहे. भाषाशास्त्रात त्यासाठी ‘अक्षर’ हा शब्दही वापरतात, पण लिपीतील अक्षराशी त्याचा घोटाळा होतो, आणि नेमका हाच घोटाळा आपल्याला टाळायचा आहे. एका अवयवात एक स्वरध्वनी असतो आणि त्याच्या मागेपुढे व्यंजने असू शकतात. आघात म्हणजे एखादा अवयव शेजारच्या अवयवांपेक्षा ठळक उच्चारणे. शब्दातील सर्वांत ठळक अवयवावर मुख्य आघात असतो आणि त्याहून कमी, पण जाणवण्याइतका ठळक असलेल्या अवयवावर दुय्यम आघात असतो.

उदाहरणांत मध्यबिंदू ( · ) अवयवांची सीमा दाखवतो आणि आडवी रेघ मूळ संयोगचिन्ह दाखवते. वरची उभी रेघ ( ˈ ) मुख्य आघाताची आणि खालची उभी रेघ ( ˌ ) दुय्यम आघाताची खूण आहे. या दोन्ही रेघा ज्या अवयवावर आघात आहे त्याच्या आधी येतात, नंतर नव्हे. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरणाऱ्या कोशांत हीच पद्धत असते, त्यामुळे ती येथे अंगवळणी पडली की कोश वाचणे सोपे जाते. देवनागरीत इंग्रजी उच्चार अंदाजानेच दाखवता येतो. विशेषतः इंग्रजीतील पुसट स्वर आणि ‘अ’ यांना येथे एकाच चिन्हावर भागवावे लागले आहे.

अवयव पाडताना

पहिले पाऊल अगदी सरळ आहे. शब्द संयोगचिन्हाच्या जागी तोडावा आणि प्रत्येक घटक स्वतंत्र शब्द असल्यासारखा पाहावा. त्यानंतर प्रत्येक घटकात किती स्वरध्वनी ऐकू येतात ते मोजावे. येथे ‘ऐकू येतात’ हे महत्त्वाचे आहे, कारण इंग्रजी लेखनातील स्वराक्षरे मोजली तर हिशेब चुकतो. ‘स्ट्रेट-फेस्ड’ म्हणजे चेहऱ्यावर हसू न दाखवणारा. या शब्दाच्या इंग्रजी लेखनात तेरा अक्षरे आहेत, तरी अवयव दोनच आहेत. उलट ‘एक्स-रे’ हा शब्द चारच अक्षरांचा आहे आणि त्याचेही अवयव दोनच आहेत.

देवनागरीत लिहिलेले रूपही फसवू शकते. ‘स्ट्रेट’ लिहिताना आपण ‘स्ट्रे’ आणि ‘ट’ अशी दोन अक्षरे काढतो, पण शेवटच्या ‘ट’मध्ये स्वर नसल्याने अवयव एकच होतो. मराठीतही असेच घडते: ‘घर’ लिहायला दोन अक्षरे लागतात, बोलताना ते एकाच झटक्यात येते. म्हणजे हे कौशल्य आपल्याकडे आधीपासून आहे, ते फक्त जाणीवपूर्वक वापरायचे आहे. हनुवटीखाली हाताची पाठ टेकवून शब्द सावकाश उच्चारला तर साधारणपणे प्रत्येक स्वरागणिक हनुवटी खाली येते आणि मोजणी पडताळता येते.

काही जागी थोडी अधिक काळजी लागते. पहिली जागा ‘ईडी’ या दोन अक्षरांनी संपणाऱ्या विशेषणांची. त्याआधी ‘ट्’ किंवा ‘ड्’ हा ध्वनी असेल तर शेवटी एक वेगळा अवयव तयार होतो, एरवी होत नाही. म्हणून ‘काइंड-हार्टेड’चे तीन अवयव पडतात: ˌकाइंड-ˈहार·टिड. ‘ओल्ड-फॅशन्ड’चेही तीनच अवयव पडतात, पण ते वेगळ्या कारणाने: ˌओल्ड-ˈफॅ·शन्ड. येथे अंत्य ‘ड्’ला स्वतःचा स्वर नाही, ‘फॅशन’चे मूळचेच दोन अवयव आहेत आणि ‘ड्’ त्यांतल्या शेवटच्या अवयवाला जोडला गेला आहे. ‘वन-आइड’ म्हणजे एकाक्ष. त्याचे अवयव दोनच. चार पायांचा या अर्थाच्या ‘फोर-लेगेड’मध्ये मात्र नियमाला बगल मिळते, तेथे ‘ग्’ नंतरही ब्रिटिश उच्चारात ‘इड’ असा स्वतंत्र अवयव ऐकू येतो.

दुसरी जागा स्वराविना अवयव होणाऱ्या ‘ल्’ आणि ‘न्’ यांची. ‘मिडल-एज्ड’ या शब्दात ‘मिडल’च्या दुसऱ्या अवयवात स्पष्ट स्वर नसतो, ‘ल्’ स्वतःच स्वराचे काम करतो. तो अवयव म्हणून मोजायचाच असतो, म्हणून विभागणी ˌमि·डल-ˈएज्ड अशी तीन अवयवांची होते.

तिसरी जागा घटकाच्या आत येणाऱ्या एकट्या व्यंजनाची. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे द्यावे, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून ‘मदर’ची विभागणी येथे म·दर अशी केली आहे. आघात असलेल्या ऱ्हस्व स्वरानंतरचे व्यंजन काही कोश मागच्या स्वराकडे ठेवतात आणि मद·र अशी फोड करतात. दोन्ही पद्धतींना आधार आहे आणि अवयवांची संख्या कोणत्याही पद्धतीने तीच राहते, म्हणून एक पद्धत निवडून तीच कायम ठेवावी.

हा नियम संयोगचिन्हापाशी मात्र थांबतो. ‘चेक-इन’मधील ‘क्’ पुढच्या ‘इ’कडे ढकलून चे·किन अशी फोड करायची नाही, ‘क्’ पहिल्या घटकाचा आहे आणि तेथेच राहतो. जलद बोलण्यात तो पुढच्या स्वराला चिकटल्यासारखा ऐकू येतो हे खरे आहे, आणि तसे बोलणे योग्यही आहे, परंतु विभागणी दाखवताना घटकाची सीमा मोडू नये. या सीमेला ध्वनीच्या पातळीवरही अर्थ आहे. रात्रीचा दर या अर्थाचा ‘नाइट-रेट’ आणि रसायनातील ‘नायट्रेट’ हे दोन शब्द शेजारी ठेवून ऐकावेत. ध्वनी जवळजवळ तेच आणि त्याच क्रमाने आहेत, पण ‘नायट्रेट’मध्ये ‘ट्’ आणि ‘र्’ एकजीव होऊन ‘च्र’च्या जवळ जाणारा ध्वनी होतो, तर ‘नाइट-रेट’मध्ये ‘ट्’ पहिल्या अवयवाच्या शेवटी दाबून धरला जातो आणि ‘र्’ नव्याने सुरू होतो. अवयवाची सीमा कागदावरची सोय नसून कानाला जाणवणारी वस्तू आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच व्यंजन आले तर ते दोनदा फोडून उच्चारू नये. ‘पार्ट-टाइम’मध्ये पहिल्या ‘ट्’साठी जीभ टेकवावी, क्षणभर तशीच ठेवावी आणि दुसऱ्या ‘ट्’ला सोडावी. दोन्हींच्या मध्ये पुसट ‘अ’ घुसला की एक अवयव विनाकारण वाढतो. ‘र’ची गोष्ट थोडी निराळी आहे. प्रमाण ब्रिटिश उच्चारात ‘रनर’ आणि ‘मदर’ या शब्दांतील अंत्य ‘र’ एरवी ऐकू येत नाही. ‘रनर-अप’ आणि ‘मदर-इन-लॉ’ यांमध्ये पुढे स्वर असल्यामुळे तो प्रकट होतो. अमेरिकी उच्चारात तो दोन्ही ठिकाणी असतोच.

संयोगचिन्हामुळे शब्दच बदलतो तेव्हा

काही जोड्यांमध्ये संयोगचिन्ह आहे की नाही यावर शब्दाची ओळख अवलंबून असते. बरे होणे या अर्थाचा ‘रिकव्हर’ रि·ˈक·व्हर असा उच्चारला जातो आणि त्याचा पहिला अवयव अगदी पुसट असतो. पुन्हा आवरण घालणे या अर्थाच्या शब्दात ‘री’नंतर संयोगचिन्ह येते, त्याचा ‘ई’ दीर्घ व स्पष्ट राहतो आणि त्यावर दुय्यम आघातही येतो: ˌरी-ˈक·व्हर. राजीनामा देणे म्हणजे रि·ˈझाइन आणि पुन्हा सही करणे म्हणजे ˌरी-ˈसाइन. येथे स्वराबरोबर व्यंजनही बदलले आहे. मनोरंजन या अर्थाचा शब्द ˌरे·क्रि·ˈए·शन असा, तर पुनर्निर्मिती या अर्थाचा शब्द ˌरी-क्रि·ˈए·शन असा होतो. सर्वांत ठळक उदाहरण कोंबड्यांच्या खुराड्याचे आहे: तो शब्द ‘कूप’ असा एका अवयवाचा आहे, आणि सहकारी संस्थेसाठीचा संक्षिप्त शब्द ˈको-ऑप असा दोन अवयवांचा आहे. इंग्रजी लेखनात दोन्हींची चारही अक्षरे तीच आहेत. अशा जोड्यांमध्ये संयोगचिन्ह गाळणे ही शुद्धलेखनाची किरकोळ चूक मानता येत नाही.

आघात ठरवण्याची रीत

आता अवघड भागाकडे येऊ. पहिले तत्त्व असे की घटकाच्या आत कोणता अवयव ठळक आहे हे शब्द जोडल्याने सहसा बदलत नाही. ‘रिस्पेक्ट’मध्ये आघात दुसऱ्या अवयवावर आहे, म्हणून ‘सेल्फ-रिस्पेक्ट’मध्येही तो ‘स्पेक्ट’वरच राहतो: ˌसेल्फ-रि·ˈस्पेक्ट. ‘कॉन्फिडन्स’चा आघात पहिल्या अवयवावर आहे, म्हणून ˌसेल्फ-ˈकॉन·फि·डन्स. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की कोणत्या घटकाला मुख्य आघात मिळतो आणि कोणाला दुय्यमावर समाधान मानावे लागते.

हे ठरवण्यासाठी शब्द नाम आहे की विशेषण, हे आधी पाहावे. दोन नामे जोडून झालेल्या नामात बहुधा पहिला घटक जिंकतो: ˈटी-शर्ट, ˈएक्स-रे, ˈआइस-स्के·टिंग, ˈप्रॉब·लम-सॉल·व्हिंग. क्रियापद आणि ‘इन’, ‘अप’, ‘ऑफ’ यांसारखे शब्दयोगी रूप जोडून झालेल्या नामातही तसेच होते: ˈचेक-इन, ˈमेक-अप, ˈटेक-ऑफ, ˈफॉ·लो-अप. हेच शब्द क्रियापद म्हणून येतात तेव्हा संयोगचिन्ह जाते, शब्द सुटे होतात आणि भर दुसऱ्यावर सरकतो. ‘द प्लेन टुक ˈऑफ’ आणि ‘द ˈटेक-ऑफ वॉज स्मूद’ ही दोन वाक्ये पाठोपाठ म्हणून पाहिली की फरक कानात बसतो. शिकणाऱ्याला या एका फरकाचा फार उपयोग होतो, कारण असे शब्द रोजच्या इंग्रजीत अतोनात आहेत.

याच गटाजवळ एक सापळा आहे. क्रियापदाला ‘अर’ लावून कर्ता तयार केला आणि मग शब्दयोगी रूप जोडले तर मुख्य आघात शेवटी जातो: रस्त्याने जाणारा तो ˌपा·सर-ˈबाय, उपविजेता तो ˌर·नर-ˈअप, कोणाच्या तरी मागे लागून राहणारा तो ˌहँ·गर-ˈऑन. ‘चेक-इन’च्या चालीवर ‘रनर-अप’ म्हटले की चूक होते, आणि ही चूक नीट इंग्रजी बोलणाऱ्यांकडूनही होताना मी ऐकली आहे.

काही पूर्वघटक असे आहेत की ते मुख्य आघात स्वतःकडे ठेवत नाहीत, पुढे देतात. ‘सेल्फ’, ‘एक्स’ म्हणजे माजी, ‘व्हाइस’ म्हणजे उप, आणि पणजोबा-पणजीसाठी लागणारा ‘ग्रेट’ हे त्यांतले नेहमीचे आहेत. म्हणून ˌएक्स-ˈवाइफ, ˌव्हाइस-ˈप्रे·झि·डंट, ˌग्रेट-ˈग्रँड·फा·दर, ˌसेल्फ-कन·ˈट्रोल. माजी या अर्थाचा ‘एक्स’ आणि ‘एक्स-रे’मधील ‘एक्स’ हे उच्चाराने सारखेच आहेत, पण आघाताच्या बाबतीत त्यांची वागणूक अगदी उलटी आहे.

विशेषणांत दुसरा घटक सहसा वरचढ ठरतो. पहिला घटक विशेषण किंवा क्रियाविशेषण असून दुसरा ‘ईडी’ने संपत असेल तर हा नियम बराच भरवशाचा आहे: ˌबॅड-ˈटेम·पर्ड, ˌशॉर्ट-ˈसाय·टिड, ˌॲब·संट-ˈमाइन·डिड. संख्येने सुरू होणारे शब्दही असेच चालतात: ˌफर्स्ट-ˈक्लास, ˌसे·कंड-ˈहँड, ˌथ्री-ˈव्ही·लर, आणि संख्यावाचक शब्दांत ˌट्वेन·टी-ˈवन, ˌटू-ˈथर्ड्झ. ‘वेल-नोन’, ‘पार्ट-टाइम’, ‘ड्युटी-फ्री’, ‘होम-मेड’ यांचाही मुख्य आघात शेवटच्या घटकावर आहे.

परंतु ‘इंग’ने संपणाऱ्या विशेषणांत दोन जाती आहेत आणि त्या ओळखायला एक सोपी कसोटी आहे. पहिला घटक हा दुसऱ्या घटकातील क्रियेचे कर्म आहे का, असे विचारावे. ‘टाइम-कन्स्युमिंग’मध्ये वेळ खर्च होतो, म्हणजे वेळ हे कर्म आहे, ‘रेकॉर्ड-ब्रेकिंग’मध्ये विक्रम मोडला जातो, ‘हार्ट-ब्रेकिंग’मध्ये काळीज तुटते, ‘आय-कॅचिंग’मध्ये नजर पकडली जाते. उत्तर होकारार्थी असेल तर मुख्य आघात पहिल्या घटकावर द्यावा: ˈटाइम-कन·स्यु·मिंग, ˈरे·कॉर्ड-ब्रे·किंग, ˈहार्ट-ब्रे·किंग, ˈआय-कॅ·चिंग. ‘गुड-लुकिंग’, ‘हार्ड-वर्किंग’, ‘ईझी-गोइंग’, ‘फार-रीचिंग’ यांत पहिला घटक कर्म नसून क्रियेची रीत किंवा गुण सांगतो, म्हणून तेथे आघात दुसऱ्या घटकावर जातो: ˌगुड-ˈलु·किंग, ˌहार्ड-ˈवर·किंग. मराठी व्याकरणात समासाचा विग्रह करण्याची आपल्याला शाळेपासून सवय असते. तीच सवय येथे थेट कामाला येते. कसोटीला अपवाद आहेत, तरी अनोळखी शब्द समोर आला असता अंदाज करण्यासाठी यापेक्षा चांगले साधन मिळणे कठीण आहे. ‘कलर-ब्लाइंड’ आणि ‘हार्ट-ब्रोकन’ हे ‘इंग’ने न संपणारे, पण पहिल्या घटकावर आघात घेणारे शब्द मात्र वेगळे लक्षात ठेवावेत.

तीन किंवा अधिक घटकांचे शब्द

येथे मधले छोटे शब्द निर्णायक ठरतात. ‘इन’, ‘ऑफ’, ‘टू’, ‘अँड’, ‘द’ हे शब्द मध्ये आले की त्यांच्यावर आघात येत नाही आणि बहुतेकांचा स्वरही पुसट होतो. ‘अप-टू-डेट’मधील ‘टू’ दीर्घ उच्चारला जात नाही. तो ‘ट’ एवढाच राहतो: ˌअप-ट-ˈडेट. मराठीत आपण हा शब्द ‘अपटुडेट’ म्हणून आत्मसात केला आहे, आणि त्यातील ऱ्हस्व ‘टु’ मूळ उच्चाराच्या बराच जवळ आहे. इंग्रजी बोलताना मात्र आपण लेखन डोळ्यापुढे आणून तोच स्वर लांबवतो. ‘स्टेट-ऑफ-द-आर्ट’ची फोड ˌस्टेट-अव्ह-दि-ˈआर्ट अशी चार अवयवांची होते, पुढे स्वर असल्याने ‘द’चा ‘दि’ होतो. लपाछपी म्हणजे ˌहाइड-अन-ˈसीक, सधन म्हणजे ˌवेल-ट-ˈडू, भावनेत न गुंतता वस्तुस्थिती सांगणारा म्हणजे ˌमॅ·टर-अव्ह-ˈफॅक्ट, मुख्य संपादक म्हणजे ˌए·डि·टर-इन-ˈचीफ.

या सर्वांत शेवटचा घटक जिंकला आहे, पण तो नेहमी जिंकत नाही. ‘इन-लॉ’ने संपणारी सर्व नाती पहिल्या घटकावर आघात घेतात: ˈम·दर-इन-लॉ, ˈब्र·दर-इन-लॉ. गोल फिरणारा पाळणा ˈमे·री-गो-राउंड आणि निरुपयोगी माणूस ˈगुड-फर-न·थिंग हेही पहिल्यावरच आघात घेतात. ‘फर्गेट-मी-नॉट’ या फुलाच्या नावात आघात शब्दाच्या आरंभी नसून पहिल्या घटकाच्या दुसऱ्या अवयवावर आहे, कारण ‘फर्गेट’चा आघात मुळातच तेथे असतो: फर·ˈगेट-मी-नॉट. या गटासाठी एकच नियम सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे शब्द एकेक करून, आघातासकट पाठ करावेत.

द्विरुक्त शब्दांत लांबीकडे पाहावे. दोन्ही घटक एकेका अवयवाचे असतील तर आघात बहुधा पहिल्यावर असतो, जसे ˈपिंग-पाँग, ˈझिग-झॅग. घटक दोन-दोन अवयवांचे असतील तर तो बहुधा दुसऱ्यावर जातो, जसे ˌवॉ·की-ˈटॉ·की, ˌटॉप·सी-ˈटर·व्ही, ˌहो·कस-ˈपो·कस. पुळचट या अर्थाचा ˈवि·शी-वॉ·शी येथे अपवाद आहे.

वाक्यात आल्यावर आघात सरकतो

कोशातील आघात हा एकट्या शब्दाचा आघात असतो. ज्या विशेषणात दुय्यम आघात आधी आणि मुख्य आघात नंतर आहे, ते नामाच्या लगेच आधी आले आणि त्या नामाचा आरंभ ठळक असला की दोन ठळक अवयव एकमेकांना भिडतात. ही टक्कर इंग्रजीची लय सहन करत नाही, म्हणून विशेषणाचा मुख्य आघात मागे, पहिल्या घटकावर सरकतो. ‘द कार इज ˌसे·कंड-ˈहँड’ असे म्हणायचे, पण ‘अ ˈसे·कंड-हँड ˈकार’ असे म्हणायचे. ‘शी इज ˌवेल-ˈनोन’, पण ‘अ ˈवेल-नोन ˈराय·टर’. ‘ही इज ˌट्वेन·टी-ˈवन’, पण ‘ˈट्वेन·टी-वन ˈडेज’.

लेखनाचा नियम येथे उच्चाराच्या शेजारी येऊन उभा राहतो. पुष्कळ लेखनपद्धतींत ‘वेल-नोन’सारखे विशेषण नामाआधी आले तर संयोगचिन्ह देतात आणि नामानंतर आले तर ते गाळतात. म्हणजे जेथे चिन्ह आवर्जून दिलेले दिसते, बरोबर तेथेच आघात पुढून मागे सरकण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. ‘टाइम-कन्स्युमिंग’सारख्या शब्दांत मुख्य आघात आधीच पहिल्या घटकावर असल्याने तेथे काही सरकत नाही. दोन गोष्टींतील भेद दाखवायचा असेल तर मात्र हे सर्व बाजूला राहते आणि भेद दाखवणाऱ्या घटकालाच ठळकपणा मिळतो: ‘नॉट ˈफर्स्ट-क्लास, बट ˈसे·कंड-क्लास’.

आघात प्रत्यक्ष द्यायचा कसा

आघात म्हणजे आवाज मोठा करणे, असा समज असतो आणि तो अपुरा आहे. आघात असलेला अवयव थोडा लांबतो, त्यावर स्वराची पट्टी वरखाली होते आणि त्याचा स्वर पूर्ण व स्वच्छ राहतो. आघात नसलेले अवयव आखूड व पुसट होतात. शिवाय आघात असलेल्या अवयवाच्या आरंभी ‘प्’, ‘ट्’ किंवा ‘क्’ असेल तर त्याबरोबर थोडा श्वास बाहेर पडतो. ‘पार्ट-टाइम’मधील ‘टाइम’चा ‘ट्’ आपल्या ‘ठ’कडे किंचित झुकला पाहिजे. मराठीत ‘ट’ आणि ‘ठ’ हे वेगळे वर्ण असल्याने आपण ‘ट’ कोरडा ठेवतो, आणि मग इंग्रजी ऐकणाऱ्याला आघाताची एक मोठी खूण मिळत नाही. माझ्या मते जोर वाढवण्याच्या आधी पुसट अवयव पुसट करायला शिकावे; ते साधले की ठळक अवयव आपोआप उठून दिसतात.

कोश आणि ओळीचा शेवट

शब्द संयोगचिन्हाने लिहावा, जोडून लिहावा की सुटा लिहावा, हे काळानुसार बदलते. संक्षिप्त ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या २००७ च्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांतील संयोगचिन्हे काढून टाकण्यात आली, आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०११ साली ‘ई-मेल’मधील रेघ सोडून दिली. चिन्ह गेले म्हणून उच्चार बदलला नाही. ‘ईमेल’चा आघात आजही ‘ई’वरच आहे. तेव्हा एखाद्या कोशात शब्द जोडून दिलेला आढळला तर आघाताच्या खुणा पाहाव्यात, रेघेचा शोध घेत बसू नये.

अमेरिकी कोशांत शब्दाच्या नोंदीत जे मध्यबिंदू असतात ते बहुधा ओळीच्या शेवटी शब्द कोठे तोडता येईल हे सांगण्यासाठी असतात. ते आणि उच्चारातील अवयव नेहमी जुळत नाहीत. एकटे अक्षर ओळीवर उरेल अशा जागी तेथे बिंदूच देत नाहीत. अवयव पाहायचे असतील तर उच्चाराच्या कंसातील रूप पाहावे. ओळीच्या शेवटी संयोगचिन्हाचा शब्द तोडायचा झाला तर तो मूळ चिन्हापाशीच तोडावा, कारण ‘सेल्फ-कॉन्फिडन्स’मध्ये आणखी एक रेघ घातली की वाचणाऱ्याला खरी रेघ कोणती ते कळत नाही. टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी फ्रँक लियांग यांनी १९८३ च्या आपल्या प्रबंधात शब्द तोडण्याची जी रीत मांडली ती आजही वापरात आहे, आणि ती प्रणालीही आधीच संयोगचिन्ह असलेला शब्द एरवी दुसरीकडे तोडत नाही.

एक वाक्य सोडवून पाहू

‘द रनर-अप वोर अ सेकंड-हँड टी-शर्ट अँड लुक्ट रादर ॲब्सेंट-माइंडेड.’ प्रथम चिन्हांपाशी तोडावे आणि मग घटकांचे अवयव पाडावेत: र·नर-अप तीन, से·कंड-हँड तीन, टी-शर्ट दोन, ॲब·संट-माइन·डिड चार, सुटे शब्द धरून संपूर्ण वाक्याचे एकोणीस अवयव होतात. ‘रनर-अप’ हे ‘अर’ आणि शब्दयोगी रूप यांचे नाम आहे, म्हणून आघात ‘अप’वर द्यावा; पुढे नाम नसल्यामुळे तो सरकत नाही. ‘टी-शर्ट’ दोन नामांचा आहे, म्हणून ‘टी’वर. ‘ॲब्सेंट-माइंडेड’ वाक्याच्या शेवटी एकटे उभे आहे, म्हणून त्याचा आघात कोशातल्याप्रमाणे ‘माइन’वर. ‘सेकंड-हँड’चा मुख्य आघात एरवी ‘हँड’वर आहे, पण लगेच पुढे ‘टी’ हा ठळक अवयव आल्याने तो ‘से’वर सरकतो. हेच वाक्य ‘हिज टी-शर्ट वॉज सेकंड-हँड’ असे फिरवले की तो पुन्हा ‘हँड’वर परत येतो. दोन्ही वाक्ये पाठोपाठ, आधी हळू आणि मग नेहमीच्या गतीने म्हणून आवाज मुद्रित करावा, आणि ऐकताना ‘से’ आणि ‘हँड’ यांपैकी प्रत्येक वेळी कोणता अवयव लांबला आहे तेवढेच तपासावे.